सात नंबरचा जोड

कारखान्यात तिला सगळे ‘सात नंबर’ म्हणत. प्रत्येक वेल्डरचा एक नंबर असतो आणि तो त्याच्या प्रत्येक तुकड्याच्या कागदावर उमटतो. सव्वीस वर्षांत तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. तिच्या हातून जायच्या त्या टायटॅनियमच्या डब्या, काडेपेटीपेक्षा चपट्या. आत यंत्र बसवायचं, वरखालचे दोन भाग जुळवायचे आणि लेझरने कडेकडेने शिवण घालायची. मग ती डबी कुणाच्या तरी छातीत, कातडीखाली जाऊन बसायची आणि दमलेल्या काळजाला ठोक्यांची आठवण करून द्यायची.

काम काचेच्या बंद पेटीत चाले. आत हवा नाही, आरगॉन वायू. हात रबरी मोज्यांतून आत, डोळे सूक्ष्मदर्शकाला. तापलेल्या टायटॅनियमला हवेचा वारासुद्धा लागू द्यायचा नसतो. लागलाच तर शिवण ठिसूळ होते आणि तिची चहाडी रंग करतो. चांदीसारखी लख्ख असेल तर उत्तम; वाळल्या गवताची पिवळसर झाक आली की तुकडा बाद. गळती शोधायला यंत्र होतं, झाक शोधायला माणसाचा डोळाच लागे. आणि सात नंबरने ‘ठीक’ म्हटलं की ती काळ्या दगडावरची रेघ.

बाई खाष्ट होती. मोज्याला सुरकुती पडली तरी काम थांबवायची. कुणी कुरकुर केली की म्हणायची, “चहाला उशीर झाला म्हणून कुणाचं काळीज बंद पडत नाही.”

अठ्ठावन्नाव्या वर्षी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. आधी उजव्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ती बेसिनसमोर उभी राहिली आणि सहज एक डोळा झाकला. मग दुसरा. उजव्या डोळ्याला भिंतीच्या टाइल्स पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या, डाव्याला पिवळट. तिने चार-पाच वेळा डोळे बदलून पाहिले. मग नवऱ्याला हाक मारली.

डोळ्यांची तपासणी दरवर्षी व्हायची, पण अक्षरं वाचायला लावून. रंगांची परीक्षा नोकरीला लागताना, एकदाच.

“अहो,” ती नवऱ्याला म्हणाली, “मी पिवळ्या काचेतून पिवळं शोधत होते.”

“कधीपासून?”

“डॉक्टर म्हणतात, वर्षभर असेल.”

नवरा माणूस वाईट नव्हता. बायकोची इज्जत त्याला स्वतःच्या इज्जतीपेक्षा मोठी होती. “तुझ्यामागून तपासनीस बघतोच की. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ माझी आहे हो. छाती दुसऱ्याची.”

तपासनीस तिच्याच शेजारी बसून काम शिकलेला. रजा संपायच्या आधीच ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. “माझे वर्षभराचे सगळे तुकडे पुन्हा बघ.”

कारण ऐकून त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. “पुन्हा कसे बघू, ताई? पहिल्यांदाच बघितले नाहीत. तुमच्या तुकड्यात काय बघायचं? मी नुसती सही करायचो.”

तिचा हात शिवशिवला. पण हे तिला आतून ठाऊक नव्हतं का? तिच्या तुकड्यांवर तो कधी थांबत नाही हे ती रोज बघत होती आणि मनातून सुखावत होती. राग त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त आला.

नंबर रद्द झाला. तिला कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं. वर्षभर ती एकाच नव्या बनावटीच्या डब्या जोडत होती आणि तो माल नुकताच बाहेर पडू लागला होता, हे त्यातल्या त्यात नशीब. गोदामातून आणि इस्पितळांतून चारशे दहा डब्या परत गोळा झाल्या. त्यांत पाच गवती निघाल्या. त्यांखेरीज दोन मात्र आधीच माणसांना बसवून झाल्या होत्या. एक म्हातारे गृहस्थ, त्यांनी ‘आहे ती राहू दे’ म्हणून सांगितलं. दुसरी एक शाळेतली शिक्षिका. ती घाबरली आणि तिने डबी बदलून घेतली.

शिक्षिकेची डबी बंद पिशवीतून परत आली. तपासनीसाने सूक्ष्मदर्शकाखाली ती फिरवून फिरवून पाहिली, मग सात नंबरला हाक मारली. तिने उजवा डोळा लावला. सुरुवातीपासून शेवटापर्यंत चांदी. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

“सुटलात, ताई,” तो म्हणाला.

तीही क्षणभर सुटल्यासारखी झाली. आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली.

“त्या बाईंना उगाच कापलं रे. मी बोलले म्हणून.”

“तुम्ही बोलला नसतात तर त्या पाच कुणाच्या तरी छातीत गेल्या असत्या.”

दोन्ही खरं होतं.

आता म्हातारबांना इस्पितळात दर तीन महिन्यांनी तपासतात, आणि तपासनीस तिच्या टेबलाशी येऊन “बरे आहेत” एवढं सांगतो. ते गेले तर त्यांची डबी परत येईल आणि तिचा रंग कळेल. तो आपल्या हयातीत कधीच कळू नये, असं तिला मनापासून वाटतं.