रविवारचं मटण

हे मी आजवर कुणाजवळच बोललो नाही — बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही सुरेशला ओळखत नाही.

नव्वदनंतर सुरतेत सहलींचा धंदा एकदम फोफावला. दर महिन्याला कुठेतरी ट्रॅव्हल्सचं नवं ऑफिस उघडायचं आणि त्यांना पोरं हवी असायची. सुरेशचे वडील आणि माझे वडील एकाच लूमवर. गोडादऱ्याच्या आमच्या गल्लीत कॉलेजात गेलेले आम्ही दोघेच. टूर मॅनेजरच्या जागेची बातमी त्यानेच आणली. एकटा गेला असता तर? पण तो मला घेऊन गेला.

जागा एकच होती. सहली गुजराती कुटुंबांच्या, सोबत स्वयंपाकाला महाराज. मॅनेजरने त्यांच्याच पंगतीला बसायचं. म्हणून मुलाखतीत ट्रॅव्हल्सचे शेठ पदवीच्या आधी ताट विचारायचे.

"घरे नॉनवेज बने छे?"

मी नाही म्हणालो. अंडंसुद्धा नाही. खोटंच — पण तेवढं पोटासाठी होतं, असं म्हणता येईल. मग शेठनी सुरेशबद्दल विचारलं...

नाही. त्यांनी विचारलं नव्हतं. हे मी स्वतःशीही कधी नीट कबूल केलं नाही. मी उठलो, दारापर्यंत गेलो, आणि मागे वळून आपणहून सांगितलं — बाहेर बसलाय ना, त्याच्याकडे दर रविवारी मटण होतं.

होतंच. मला कसं ठाऊक? त्याची आई मला हाक मारून जेवायला बसवायची. नळी माझ्या ताटात वाढायची, त्याच्या नाही.

सुरेश आत गेला आणि लगेच बाहेर आला. वर हसत होता. "भो, मनं गुजराती कच्चं पडनं. तुले भेटी जाई नोकरी."

मी काय केलं असेल? मान हलवली. म्हणालो, हो रे, गुजराती सुधारायला हवं तुझं.

मला नोकरी लागली. तो पलसाण्याला डाइंग मिलमध्ये लागला. पाळी सुटली की रंगलेल्या बोटांनी गुजराती पेपर धरून मोठ्याने वाचायचा, आणि मी सहलीवरून आलेला असलो की विचारायचा — कुठं चुकतं सांग.

मी उच्चार दुरुस्त करत राहिलो.