कट्ट्यासमोरची चार दारं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन लोखंडी खांबांवर एक काळा फळा उभा होता. वर पत्र्याचं छप्पर, आणि वरच्या पट्टीवर मित्रमंडळाचं नाव रंगवलेलं. रॉकेल कधी येणार, नळाला पाणी किती वाजता सुटणार, बाळांच्या लशीचं शिबिर कुठे आहे, वीज कुठल्या वारी बंद राहणार, हे सगळं आम्हाला त्या फळ्यावरून कळायचं. पेपर घरोघरी येत नसे, आणि पेपरात आमच्या गल्लीचं काही छापूनही येत नसे.

फळा लिहायचे मनमाडचे मास्तर. ते मास्तर नव्हते, पेंटर होते. पण मूळचे मनमाडचे होते हे खरं. आमच्याकडे माणसाला नावापेक्षा त्याचं गाव जास्त चिकटतं. मास्तरांचं अक्षर लग्नपत्रिकेसारखं होतं, वेलांट्यांना वेली फुटायच्या. म्हातारपणी ते मुलाकडे मनमाडला गेले, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष आमच्या दारात आले. कोपऱ्यावरचं सायकलचं दुकान त्यांचं. "तुमची पोरगी कॉलेजात जाते," ते वडिलांना म्हणाले, "तिला सांगा की फळा लिहायला." वडिलांनी मला न विचारताच होकार दिला.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. वडील कारकून होते, आणि मला त्या शाळेत घालण्यासाठी ते कुणाकुणाच्या पाया पडले ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मराठी आम्हाला होतं, पण तोंडी लावण्यापुरतं. माझं मराठी अक्षर तिसरीतल्या मुलीचं होतं तसंच राहिलं: गोल, जाड, प्रत्येक अक्षर दुसऱ्यापासून हातभर लांब. फळ्यावर ते बघून मला लाज वाटायची. दुसऱ्या आठवड्यात चांदवडच्या आजी फळ्यासमोर उभ्या राहिल्या. विहारातल्या प्रौढ वर्गात त्या अक्षरं शिकल्या होत्या. हवेत बोट फिरवत त्यांनी पाण्याच्या वेळेची अख्खी ओळ वाचली.

"मास्तरचं लय देखनं व्हतं," त्या म्हणाल्या, "पन वाचाया येत नव्हतं. तुझं येतं."

मला उत्तर द्यायची सवयच नव्हती.

शाळेत असताना मी सिटी बसमधून एक थांबा आधी उतरायचे. तिथे बंगले होते. मैत्रिणींना वाटायचं, त्यातलाच एखादा आमचा. बस दिसेनाशी झाली की मी उरलेला रस्ता चालायचे. कॉलेजात गेल्यावरही हे चालूच होतं. शाळा सुटायच्या आधी मी न चुकता शाळेच्या संडासात जाऊन यायचे. मैत्रिणी हसायच्या. आमच्या गल्लीत चाळीस घरं होती आणि एकाही घरात संडास नव्हता, हे मी त्यांना दहा वर्षांत एकदाही कळू दिलं नाही.

पुरुष लांब नाल्यापलीकडे जात. बायका उजाडायच्या आत मागच्या बाभळींत जात, आणि मग दिवेलागणीपर्यंत कळ काढत. पुढे त्या रानात प्लॉट पडले, कंपाउंडं आली, आणि बाभळी चार-दोनच उरल्या. आता नाल्याचा उतार उतरावा लागायचा. माझ्या आईचा गुडघा धरलेला होता. ती दुपारी दोननंतर पाणी पीत नसे. मे महिन्यातसुद्धा. आम्हाला माठातलं पाणी भरून द्यायची आणि स्वतः नुसते ओठ ओले करायची. पी म्हटलं तर म्हणायची, "तहान नाही." लहानपणी मला वाटायचं की मोठ्या बायकांना तहान लागत नाही.

म्हणून पालिकेने आमच्या गल्लीला महिला शौचालय मंजूर केलं, तेव्हा ती बातमी मी तीन रंगांच्या खडूंनी लिहिली. दुसऱ्या दिवशी ओळीखाली फुलंही काढली.

बांधकाम चौकातल्या मोकळ्या जागेवर सुरू झालं. मागे विहाराची भिंत आणि एक कडुनिंब, पुढे चौक आणि चौकात कट्टा. कट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ गल्लीतली पुरुष माणसं बसायची: कुणाचे सासरे, कुणाचे दीर, कुणाचे मामा. माझे वडीलही तिथेच पेपर वाचायचे. एक दिवस मी फळा लिहीत असताना अध्यक्ष शेजारीच ठेकेदाराशी बोलत होते.

"दारं पुढच्या अंगाला घ्या," ते म्हणाले. "उद्घाटनाच्या फोटोत नुसती भिंत दिसली तर काय उपयोग? चार दारं दिसली पाहिजेत."

ठेकेदाराने मान हलवली. त्यात कुणालाच काही चुकीचं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. मी रॉकेलची तारीख लिहून घरी गेले.

दारं निळी झाली. फीत कापली, नारळ फुटला, फोटो निघाला. फोटोत अकरा माणसं आहेत आणि एकही बाई नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीतल्या सगळ्या बायका नेहमीप्रमाणे नाल्याकडे गेल्या.

कट्टा आणि दारं यांच्यात पंधरा पावलं होती. टमरेल घेऊन सासऱ्याच्या समोरून जायचं, त्याच्या डोळ्यांदेखत दार लावायचं, तो बसलेला असतानाच परत बाहेर यायचं. कट्ट्यावर कुणी वाईट नव्हतं, तीच अडचण होती. परके असते तर बायका डोक्यावरून पदर ओढून निघून गेल्या असत्या.

तीन आठवडे गेले. अध्यक्षांनी मला लिहायला सांगितलं: 'महिलांनी शौचालयाचा लाभ घ्यावा.' मी लिहिलं. मग ते म्हणाले, पुढच्या महिन्यात आरोग्य खात्याचे साहेब पाहणीला येणार आहेत. वापर नसेल तर मंडळ ती इमारत मागून घेईल, मांडवाचे बांबू आणि उत्सवाचं सामान ठेवायला. तेही मी लिहिलं. मी लिहीत असताना कट्ट्यावरून कुणीतरी म्हणालं, "बायकांना सवयच नाही हो. दिलं तरी घेता येत नाही त्यांना."

खडू माझ्या हातात होता. मी मागे वळले नाही. मला आई आठवली, माठाशी उभी राहून ओठ ओले करणारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या वेळेखाली मी तीन ओळी जास्त लिहिल्या:

'महिला शौचालय. आजचा वापर : कोणी नाही. कारण : दारं कट्ट्यासमोर आहेत.'

कॉलेजातून आले तर तेवढ्याच ओळी पुसलेल्या होत्या. मी पुन्हा लिहिल्या. पुन्हा पुसल्या. पाचव्या दिवशी अध्यक्ष घरी आले. आईने चहा टाकला.

"बाळा, फळा मंडळाचा आहे," ते मला म्हणाले.

मी कपबशी त्यांच्यापुढे ठेवली.

"इंग्लिश शाळेत हेच शिकवतात का? आपल्याच गल्लीची बदनामी करायची?"

"ती पुसेल," वडील म्हणाले. "पुसशील ना गं?"

आतून आईचा आवाज आला, "का? दारं कट्ट्यासमोर नाहीत का?"

अध्यक्ष हसले. "वहिनी, बांधलेली दारं आता काय उचलून फिरवायची?"

"दारं फिरत नसतील तर कट्टा फिरवा."

ते आणखी मोठ्याने हसले. तेवढ्यात मी बोलले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "त्यात काही खोटं असेल तर सांगा, मी आत्ता जाऊन पुसते. खरं असेल तर पुसणार नाही."

अध्यक्षांनी चहा बशीत ओतला, संपवला आणि उठून गेले. वडील रिकामी कपबशी उचलायला वाकले. मग हळू आवाजात म्हणाले, "आपल्या घरात काय नाही ते जगाला वाचायला कशाला द्यायचं?"

दहा वर्षं एक थांबा आधी उतरणाऱ्या मुलीला त्यावर काय बोलता येणार? आणि एक गोष्ट त्याहून जास्त टोचत होती. 'कोणी नाही' असं मी रोज लिहीत होते. त्या कोणीमध्ये मीसुद्धा होते. पहाटे मीही आईचा हात धरून नाल्याकडे जात होते, आणि दुसऱ्यांची बातमी दिल्यासारखी फळ्यावर लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, कट्टा भरलेला असताना, मी पिंपातून टमरेल भरलं. अंगात कॉलेजचाच पंजाबी ड्रेस होता. आई उंबऱ्यात बसली होती. तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि बाजूला सरकून मला वाट दिली.

कट्ट्यावर कांद्याच्या भावाबद्दल बोलणं चाललं होतं. मी दिसले तसं ते थांबलं. कुणी खोकलं. कुणी म्हणालं, "अगं, फळा तिकडे आहे!" दोघं-तिघं हसले. माझ्या वडिलांनी पेपर तोंडासमोर धरला. टमरेलातलं पाणी हिंदकळून माझ्या पायावर पडत होतं. मी दुसऱ्या दाराशी गेले. कडी नवी होती, सरकता सरकेना. सगळ्यांकडे पाठ करून मी ती दोन्ही हातांनी ओढली.

आत ओल्या चुन्याचा वास होता. मला तिथे जायची काही गरज नव्हती, हेही सांगून टाकते. मी नुसती उभी राहिले आणि इंग्रजीत शंभरपर्यंत आकडे मोजले. मग पाणी ओतलं आणि बाहेर आले. पेपर तसाच उभा होता. पान उलटलेलं नव्हतं.

घरी जाऊन हातपाय धुतले, खडू घेतला आणि सगळ्यांसमोर फळ्यावर लिहिलं: 'आजचा वापर : एक.'

ती ओळ कुणी पुसली नाही. ती पुसायची तर ती एक कोण, यावर बोलावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा साडेचार वाजले होते. कट्ट्यावर चांदवडच्या आजी मांडी घालून बसल्या होत्या. पुढ्यात सूप, सुपात बाजरी. त्यांच्या शेजारी त्यांच्या दोन सुना, त्यांच्या पलीकडे शेंगा फोडत बसलेल्या येवल्याच्या मावशी, आणि टोकाला, दुखरा पाय लांब करून, माझी आई. पाच वाजता पुरुष आले तेव्हा कट्ट्यावर टेकायला जागा नव्हती. अध्यक्ष दुकानातून आले.

"आजी, इथं पुरुष माणसं बसतात."

"बसत व्हती," आजी म्हणाल्या आणि बाजरी पाखडली.

"मग आता त्यांनी कुठं बसायचं?"

"ती काय, चार दारं मोकळीच हायेत. निळी. तुमीच बांधली ना? जाऊन बसा."

येवल्याच्या मावशींच्या मांडीवरच्या शेंगा हसून हसून खाली सांडल्या. पुरुषांतलेही दोघं तोंड फिरवून हसले. अध्यक्षांचे कान लाल झाले. "आजी, वयाचा मान ठेवतो म्हणून..." ते म्हणाले. आजींनी सूप थांबवलं. "ठिव की. बाभळीत जाताना माझा पाय घसरला तवा कुठं व्हता तुझा मान?"

पुरुष एकेक करत शौचालयाच्या मागे गेले, कडुनिंबाखाली. तिथून दारं दिसत नाहीत. वडील सगळ्यांत शेवटी गेले. रोज बसायला ते सतरंजीचा एक तुकडा घेऊन येत. तो त्यांनी कट्ट्यावर आईशेजारी ठेवला आणि तसाच सोडून गेले. विसरले की मुद्दाम ठेवला, ते मी विचारलं नाही.

त्या दिवशी मी लिहिलं: 'आजचा वापर : नऊ.' मग कट्ट्याच्या पाळ्या लागल्या, कारण कट्टा रिकामा दिसला की कुणीतरी येऊन बसायचंच. सकाळी गल्लीच्या वरच्या ओळीतल्या घरांच्या बायका, संध्याकाळी खालच्या ओळीतल्या. त्याही फळ्यावर येऊ लागल्या, पाणी आणि रॉकेलच्या खाली. मंडळाचं नाव वरच्या पट्टीवर तसंच होतं.

साहेब पाहणीला आले तेव्हा बायका कट्ट्यावर भाजी निवडत होत्या आणि चारही दारांच्या कड्या आतून लावलेल्या होत्या. साहेबांनी दारांकडे पाहिलं, कट्ट्याकडे पाहिलं. "समोर एक आडभिंत हवी होती," ते म्हणाले. "अर्ज करा." इमारत मंडळाला देण्याचा विषय अध्यक्षांनी काढलाच नाही. अर्ज मी लिहिला, त्याच गोल अक्षरात. सह्या आणि अंगठे मिळून दोन पानं भरली. माझी सही पहिली होती, खाली घराच्या पत्त्यासकट. त्याच आठवड्यात मी बसमधून आमच्या थांब्यावर उतरायला लागले.

उत्तर यायला तीन महिने लागले: आडभिंतीसाठी चालू वर्षी तरतूद नाही.

मी ते फळ्यावर जसंच्या तसं उतरवलं. खाली लिहिलं: 'तोवर कट्ट्यावर आम्ही.' अध्यक्ष हातात फडकं घेऊन आले, वाचून झाल्यावर थोडे थांबले, आणि त्याच फडक्याने हात पुसत दुकानात गेले.

भिंत अजून आलेली नाही. पाळ्या चालू आहेत. आईची पाळी संध्याकाळची. जाताना ती आता पिण्याच्या पाण्याचा तांब्या सोबत नेते, आणि परत येते तेव्हा तो रिकामा असतो.