पोळ्याचा उरलेला रंग

सोमवारी सकाळी शाळेची भिंत पुसायला घेतली आणि माझी चांगलीच फजिती झाली...

आमची सरकारी मराठी शाळा तेलंगणात, बेल्याच्या पुढे, पेनगंगेच्या अलीकडे. मी तिथे गणित शिकवते. चित्रकलेचे पार्टटाइम सर गेल्या वर्षी नोकरी सोडून गेले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. टाइमटेबलमध्ये शनिवारचा तास आहे, पण शिक्षक नाही, कागद नाही, रंग नाही... हेडमास्तर सरांचं म्हणणं, तो तासही गणितालाच घ्या. गणिताची बाई असून मीच नको म्हणून अडून बसले.

कारण सातवीतली तुळसा. आठवडाभर तिचा काही भरवसा नसतो, घरी धाकटी भावंडं सांभाळते. पण शनिवार चुकवत नाही. तो तास गेला तर ही पोरगी शाळेतूनच जाईल, याची मला खरंच धास्ती होती.

पोळा नुकताच झाला होता. बैलांच्या शिंगांना लावलेला रंग घरोघरी थोडाथोडा उरतो, तोच आणा म्हटलं पोरांना. कागदाऐवजी व्हरांड्यातली भिंत. सर तयार झाले, पण एका अटीवर... सोमवारी मंडळाचे, म्हणजे आपल्या तालुक्याचे, शिक्षणाधिकारी येणार, त्याआधी भिंत होती तशी पांढरी पाहिजे. नाहीतर तास गणिताला. मी म्हटलं, त्यात काय, पाण्याने पुसून देते!

शनिवारी पोरांनी कमाल केली. भिंतभर एकच मोठा बैल. लाल रंग एका शिंगालाच पुरला, म्हणून दुसरं निळं झालं. झूल अर्धी हिरवी, अर्धी पिवळी. रंगाला उग्र वास येत होता, मला वाटलं डबे जुने असतील...

सोमवारी बादली घेऊन घासतेय, घासतेय... बैल ढिम्म हलेना. उलट आणखीच चकाकायला लागला. मागे सर येऊन उभे. "मॅडम, हे काऊन निघून नाई राह्यलं?"

अहो, निघेल कसं? शिंगांचा रंग म्हणजे ऑइल पेंट! पावसात धुऊन जाऊ नये म्हणूनच तो लावतात. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. माझ्या आजोबांनी जन्मभर दुसऱ्यांचे बैल सजवले, पण बाबा शिकून क्लार्क झाले, मी आदिलाबादेत वाढले... मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

तेवढ्यात साहेबांची गाडी आलीच. माझ्या हातात घासणी, साडी ओली, आणि सरांचा चेहरा तर बघवत नव्हता. आता तास गेला, असंच धरून चालले मी.

साहेब तेलुगू बोलणारे. बैलासमोर बराच वेळ उभे राहिले. मग बैलाचं काय होतं ते बघायला आलेल्या तुळसाला विचारलं, हा बैल कुणाच्या घरचा? तिने धडाधड तेलुगूत सांगून टाकलं... लाल शिंग आमच्या घरचं, निळं शेजारच्यांचं, झूल कुणाची, शेपटी कुणाची. साहेब हसायलाच लागले. लहानपणी शिंगं रंगवायचं काम त्यांच्याकडेच असायचं म्हणे.

नवीन शिक्षक कधी मिळेल, ते त्यांनाही सांगता आलं नाही. पण सरांना त्यांनी स्पष्ट सांगितलं, हा तास काढू नका, आणि भिंतही राहू द्या. माझा जीव भांड्यात पडला.

साहेब गेल्यावर मी तुळसाला धरलं. हा रंग निघत नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं का गं?

"मालूम होतं ना, मॅडम. पन सांगतलं असतं त तुमी काढूच देल्लं नसतं."

म्हणजे अख्खा वर्ग सामील! रागवायचं ठरवलं होतं, पण हसूच आवरेना...

काल तुळसाचे वडील रस्त्यात भेटले. पुढच्या पोळ्याला रंगाचा एक डबा शाळेसाठी जास्तीचा आणतो म्हणाले. सरकारी ग्रँट येईल तेव्हा येवो, आमचा एक डबा तर पक्का झाला.

आणि आज बुधवार. शनिवार नसताना तुळसा पुन्हा शाळेत हजर! बैलाला वेसण काढायची राहिली म्हणते... काढ बाई, म्हटलं, पण गणिताच्या तासाला बसून मग.