श्याम गायधनीची रुंद स्की

श्याम गायधनी स्टेडियममध्ये गार हवा सोडण्याच्या कामावर इंजिनिअर होता आणि स्वतः बाराही महिने घामाघूम असायचा. मूळचा नाशिकचा. उंची बेताची, पोट बेताबाहेर. मी त्याच कंपनीत परचेसला. माझं कुटुंब कोल्हापूरला आणि मी दोह्यातल्या अल मन्सूरात एका खोलीत एकटा, त्यामुळे रोज सकाळी तो गाडी घेऊन माझ्या बिल्डिंगखाली यायचा आणि फोनवर ओरडायचा, "यल्ला, चल रे, की पालखी पाठवू?"

फुटबॉल वर्ल्ड कपच्या तयारीची वर्षं होती. श्याम साइटवर राहायचा आणि घरी अधूनमधून जायचा, असंच म्हणायला हवं. मृणालिनीवहिनी मला म्हणायच्या, "आमच्याकडे एक पाहुणे येतात, शुक्रवारी जेवून जातात." हसून म्हणायच्या, पण मला तिथे वाढलेली आमटी गोड लागायची नाही.

त्याला शौक एकच होता. शुक्रवारच्या सुट्टीला कधी सवड मिळाली, तर दक्षिणेकडच्या वाळूच्या टेकड्यांवर गाडी घालायची. वाळू लागली की हा उतरणार, चारी टायरांतली हवा कमी करणार आणि मला तेच व्याख्यान पुन्हा ऐकवणार. "टायर पसरला की वाळू उचलून धरते. अरुंद राहिला की रुतलाच." मी म्हणायचो, "पसरण्याबद्दल तू बोलू नकोस, पोट बघ." तो मुळीच मनाला लावून घ्यायचा नाही.

मुलगा श्रेयस दोह्यातच वाढला. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. उंची आईच्या माहेरची, बापापेक्षा वीतभर जास्त. पुण्यात नोकरीला लागल्यावर त्याच्या डोक्यात बर्फाचं भूत शिरलं. दर जानेवारीत गुलमर्गला जायचा आणि डोंगराच्या माथ्यावरून, जिथे कुणी वाट केलेली नाही अशा खोल, भुसभुशीत बर्फातून स्कीवर खाली यायचा. आणि दर वर्षी बापाला फोन करायचा, "बाबा, कम विथ मी. जस्ट वन वीक."

आता आमची आखाती रजा म्हणजे जुलै-ऑगस्टची. शाळा तेव्हा बंद, ऊन तेव्हा जीवघेणं आणि कंपनीही तेव्हाच सोडते. आपल्याच गावची थंडी कित्येक वर्षांत अंगावर न घेतलेली माणसं इथे ढिगाने आहेत. जानेवारीत रजा मागावी हे आम्हाला सुचतच नाही. शिवाय बाहेर हवा बरी असली की साइटवर कामाचा रेटा वाढतो. श्याम दर वर्षी "हो, इन्शाल्ला" म्हणायचा आणि दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. एकदा तर काढलेलं तिकीट रद्द केलं. मग कोविडचं वर्ष आलं. त्यानंतर अरब कप झाला आणि त्याचीच उस्तवार जानेवारीभर पुरली.

त्या जानेवारीतला फोन मी गाडीत बसून ऐकला. श्याम "अरे, या वेळी जरा..." एवढंच बोलला. श्रेयस शांतपणे म्हणाला, "लीव्ह इट, बाबा. आय वोन्ट आस्क अगेन." फोन बंद झाला. श्यामने गाडी कडेला घेतली.

"चिडला असता तर बरं झालं असतं रे," तो म्हणाला. "तो चिडलासुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने पुढच्या जानेवारीची रजा टाकली. वर्ल्ड कप डिसेंबरात संपणार, म्हणजे कुणाला अडवायला कारण नाही. मॅनेजरशी भांडून त्याने ती मंजूर करून घेतली. मी म्हटलं, "मग श्रेयसला कळव की." तो मान हलवून म्हणाला, "नाही. माझ्या सांगण्यावर त्याने आता का विश्वास ठेवावा? थेट तिथे जाऊन उभा राहणार." वहिनींनाही सांगायचं नाही असं ठरलं, कारण त्यांनी भात शिजायच्या आत लेकाला फोन केला असता.

सप्टेंबरात आमच्या साइटवरचा एक ऑस्ट्रियन काम संपवून घरी निघाला. इथून जाणारा माणूस सोफ्यापासून कढईपर्यंत सगळं विकून जातो. याच्याकडे बायकोच्या स्कीच्या दोन जोड्या निघाल्या, एक अरुंद आणि एक रुंद. श्यामने निवड करायला जहूरला गाठलं. जहूर सूक वाकिफच्या जुन्या बाजारात शाली विकायचा. तो काश्मीरचा, टंगमर्गचा, तरुणपणी गुलमर्गला लोकांना स्की शिकवलेली.

जहूरने आधी अरुंद जोडीवर हात आडवा ठेवला. मधोमध चार बोटं भरली. रुंद जोडीवर सहा बोटं.

"साहब, आप यह पतली लो," तो म्हणाला. "नीचे दबी हुई सख़्त बर्फ़ पर सीखोगे, तो यही मुड़ेगी. चौड़ी वाली वहाँ भारी पड़ेगी, घुटने तोड़ देगी."

"और गहरी बर्फ़ में? ऊपर, बड़े पहाड़ पर?"

"वहाँ पतली डूब जाती है. वहाँ चौड़ी ही चाहिए. मगर वहाँ सीखने वाला नहीं जाता."

श्यामचा चेहरा खुलला. "मतलब टायर जैसा!" मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "श्रेयस वर जातो. मी काय खाली टपरीवर चहा पीत त्याची वाट बघू? मला त्याच्याबरोबर जायचंय."

"अरे, तुला जिना उतरताना धाप लागते," मी म्हणालो. त्याने रुंदच घेतली. जहूरने हात टेकले, पण माप मात्र नीट बघितलं. अशा स्कीची लांबी माणसाच्या उंचीवर ठरते. त्याने ती श्यामशेजारी उभी केली तेव्हा टोक बरोबर त्याच्या कपाळाला लागलं.

स्की माझ्या खोलीत कपाटामागे राहिल्या. शुक्रवारी जेवण झालं की श्याम पान आणायच्या निमित्ताने यायचा, स्की गालिच्यावर मांडायचा आणि मोज्यांनिशी त्यांवर उभा राहायचा. गुडघे वाकवलेले, हात पुढे. "कसा दिसतोय?" विचारायचा. मी म्हणायचो, "बाथरूमला घाई झाल्यासारखा." इतका खूश मी त्याला दुसऱ्या कशातच पाहिला नाही.

ऑक्टोबरात एका दुपारी, साइटवर, जरा गरगरतंय म्हणून तो खुर्चीत बसला आणि उठलाच नाही. वहिनी आणि पुण्याहून धावत आलेला श्रेयस त्याचा देह नाशिकला घेऊन गेले. मला अजून राग येतो. कुणाचा ते कळत नाही, पण येतो.

नोव्हेंबरात घर आवरायला दोघं परत आले. सगळं शहर झेंड्यांनी भरलं होतं, पाहुणे उतरायला लागले होते. मी श्रेयसला खोलीवर बोलावलं आणि स्की काढून त्याच्यापुढे धरल्या.

त्याने कडेवरून बोट फिरवलं. "पावडर स्कीज, फॉर डीप स्नो," तो हळूच म्हणाला. मग एक स्की अंगाशी उभी केली. टोक त्याच्या खांद्यापाशीच संपलं. तो हसला, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "ही डिडन्ट ईव्हन नो माय हाइट, काका."

"तुझ्यासाठी नाहीत रे त्या," मी म्हटलं. "त्याच्या स्वतःच्या आहेत. जानेवारीची रजा मंजूर होती. तुला न सांगता येऊन उभा राहणार होता."

मग मी सगळं सांगितलं. जहूरने अरुंद घ्या म्हणून विनवलं होतं, ह्याने ऐकलं नाही, कारण ह्याला वर यायचं होतं, तुझ्या डोंगरावर. श्रेयसने हातातली स्की भिंतीला टेकवली. आणि मग बोलला ते मराठीत, लहान मुलासारखं अडखळत.

"पण मी वर जाणारच नव्हतो, काका. बाबा आले असते तर मी खालीच राहणार होतो. आठवडाभर. त्यांचा हात धरून शिकवणार होतो."

माझे डोळे वाहायला लागले होते आणि मी ते पुसलेही नाहीत.

त्याने बूट काढले. स्की गालिच्यावर मांडल्या आणि मोज्यांनिशी त्यांवर उभा राहिला.

"बाबा कसे उभे राहायचे?" त्याने विचारलं.

"गुडघे आणखी वाकव," मी म्हटलं. "हात पुढे."