कशावरूनताई

एखादं काम झालं असं कुणी सांगितलं, की ताईंचा प्रश्न ठरलेला असे, "कशावरून?" प्रिंटर सुरू झाला म्हटलं तरी कशावरून, जीप निघाली म्हटलं तरी कशावरून. मुरबाडजवळच्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना कशावरूनताई म्हणत. एकदा शिपाई चुकून तोंडावरच तसं बोलून गेला आणि जीभ चावून उभा राहिला. ताई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "बरोबर आहे," म्हणाल्या, "मी तेच विचारते."

ताई तानसा तलावाजवळच्या शेतकरी घरातल्या. मुंबईच्या एका कंपनीत त्यांनी बरीच वर्षं प्रोग्रॅम लिहिले होते. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा ते सोडून शहापूरला खोली घेतली आणि तिथून एसटीने आमच्याकडे येऊ लागल्या. मी रक्त तपासायच्या खोलीत होते. त्यांचा संगणक माझ्याच खोलीत, कपाटाच्या पलीकडे. डॉक्टरांशी त्या पुस्तकातल्यासारखं बोलत, माझ्याशी मात्र घरचं. "गो, च्या घेतंस का?" एवढं कपाटाआडून आलं की मी हात धुवायला उठे.

लावणीच्या दिवसांत आमच्या भागात साप चावल्याचे फोन येतच राहतात. घाटाकडच्या गावांत ट्रस्टची छोटी केंद्रं होती. सर्पदंशाच्या इंजेक्शनच्या बाटल्या कुठल्या केंद्रात किती उरल्यात, हे तिथल्या नर्स रोज सकाळी फोनवर कळवत आणि ताईंनी केलेल्या प्रोग्रॅममध्ये ते भरलं जाई. कुणी फोन केला की पडद्यावर बघून सांगता येई, अमक्या केंद्रात जा. त्याआधी माणसाला झोळीत घालून लोक या दारातून त्या दारात फिरत. ताई आल्यावर ते थांबलं. कितीतरी लोक जगले.

मला संगणकातलं काही कळत नव्हतं. ताईंनीच एकदा समजावलं होतं. माहिती लिहिणं, वाचणं, असली रोजची कामं प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः करत नाही. दुसऱ्यांनी तयार करून ठेवलेला भाग वापरतो. त्याला लायब्ररी म्हणतात, आणि एकच लायब्ररी अनेक प्रोग्रॅम वापरतात. तिच्या दोन आवृत्त्या असतात. एक स्टेबल, म्हणजे पारखून झालेली. दुसरी डेव्हलपमेंटची, तिच्यावर काम चालूच असतं. नवी सोय तिच्यात आधी येते आणि नवी चूकही. आमच्या संगणकावर एक घातली की दुसरी पुसली जाई. ताईंनी स्टेबल सोडून कधी काही घातलं नव्हतं. "जे अजून घडतंय, त्याच्यावर माणसाचा जीव नाय टांगायचा गो," त्या म्हणायच्या.

त्या वर्षी ऐन लावणीत देणगीदार पाहणीला यायचे होते. विश्वस्तांनी त्यांना दाखवायला रंगीत नकाशांचा नवा प्रोग्रॅम आणवला. त्याला डेव्हलपमेंटचीच लायब्ररी लागत होती. ताईंनी वेगळा संगणक मागितला. तो मिळाला नाही. मग त्या म्हणाल्या, दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या जागी ठेवून कुणी कुठली वापरायची ते बांधून देता येईल, पण पारखायला थोडे दिवस द्या. दिवस नव्हते. शेवटी विश्वस्त खुर्चीशी येऊन उभे राहिले.

"ताई, देणगी आली नाही तर केंद्रंच बंद होतील. मग तुमच्या त्या स्टेबलचं काय लोणचं घालायचं?"

ताईंनी खुर्ची पुढे ओढली. मग नवी लायब्ररी घातली. आपल्या प्रोग्रॅममध्ये एक नोंद भरून बघितली. "नोंद झाली" असं पडद्यावर आलं. घरून आईला ताप भरल्याचा निरोप आला होता आणि एसटीची वेळ झाली होती. तेवढं एकदाच ताईंनी कशावरून असं विचारलं नाही.

पाहुणे येऊन नकाशे बघून गेले. त्यानंतर घाटाकडच्या वैशाखरे गावापुढच्या एका वाडीतला तरुण दुसऱ्याच्या शेतात लावणी करत असताना त्याला घोणस चावली. त्याच्या भावाने रस्त्यावरच्या बूथवरून फोन केला. पडद्यावर वैशाखऱ्याच्या केंद्रात बाटल्या दिसत होत्या, म्हणून तिकडेच जायला सांगितलं. तिथल्या बाटल्या आधीच संपल्या होत्या. नर्सने तसं कळवलंही होतं. पडद्यावर ते दिसलं असतं, तर दवाखान्यातूनच जीप औषध घेऊन निघाली असती आणि अर्ध्या वाटेत गाठ पडली असती. तो आमच्या दारात आला तेव्हा संपला होता. बायको त्याचे चिखलाचे पाय पदराने पुसत होती.

ताईंनी त्याच दुपारी शोध लावला. प्रोग्रॅम नोंद झाली म्हणत होता, पण नवी लायब्ररी ती लिहीतच नव्हती. बंद करून पुन्हा उघडलं की जुनेच आकडे. ताईंनी स्टेबल परत घातली आणि नोंदी टिकू लागल्या. मला त्यांनी ते दोनदा करून दाखवलं. आवाज नेहमीचाच होता.

"वीज गेल्यामुळे नोंद राहिली, असं सांगा," विश्वस्त म्हणाले.

"वीज होती."

"ताई, कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

दुसऱ्या दिवशी त्या वाडीवर गेल्या. एकट्या कशा जाणार म्हणून मीही गेले. गावाच्या कडेला कुडाची पाच-सहा घरं. त्याची बायको उंबऱ्यात बसली होती, शेजारी दीर. ताई खाली जमिनीवर बसल्या आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की औषध दवाखान्यात होतं, मशीन खोटं बोललं आणि मशीनमध्ये तो बदल आपणच केला होता. मला वाटलं, आता दीर अंगावर येणार. तो मान खाली घालून बसून राहिला.

बाई म्हणाली, "तुमी खरं बोलल्या ते बरा झाला. पन उंद्या आनखी कोनाला चावला, तं आमी जायचा कुठं? तेवढा सांगा."

ताईंनी वैशाखऱ्याच्याच केंद्राचं नाव सांगितलं, तिथे आता दवाखान्यातून बाटल्या पोचल्या होत्या. येताना वाटेत त्या वैशाखऱ्याला उतरून बाटल्या स्वतःच्या डोळ्यांनी बघून आल्या होत्या. 

पुढचे काही आठवडे त्या सकाळी प्रत्येक केंद्राला स्वतः फोन करत आणि ऐकलेलं पडद्याशी ताडून बघत. लायब्ररीच्या दोन्ही आवृत्त्या वेगळ्या जागी ठेवून प्रत्येक प्रोग्रॅमला आपापली बांधून दिली. विश्वस्तांकडे मागितलेली मुदतच आता त्यांना मिळाली होती. काम पुरं झालं आणि ट्रस्टने त्यांना कळवलं, की पुढच्या महिन्यापासून येऊ नये. वाडीवर जाऊन बोलल्याचा राग होता. शेवटच्या दिवशी ताईंनी मला खुर्चीत बसवून नोंद कशी भरायची, बंद करून परत उघडून कशी बघायची, ते शिकवलं. "मशीन काय म्हणतंय ते नाय बघायचा," म्हणाल्या, "काय ठेवलंय ते बघायचा." मग पिशवी घेऊन एसटीकडे गेल्या. त्यानंतर आई वारली आणि त्या शहापूरची खोली सोडून गेल्या, एवढंच ऐकलं. पत्ता कुणाकडे नव्हता.

पुढच्या वर्षी रानात शेवळांची रानभाजी निघाली तेव्हा वाडीवरची ती बाई दवाखान्यात आली. हातात शेवळांची जुडी, पळसाच्या पानात बांधलेली. "ती मशीनवाली बाई कुठं हाय?" तिने विचारलं. मी सांगितलं, की त्यांना काढून टाकलं.

"का?"

"तुमच्याकडे आल्या होत्या म्हणून."

 जुडी माझ्या टेबलावर ठेवून ती म्हणाली, "तुमच्यातली आमच्या घरी तेवढी एकच आलेली." आणि उन्हात चालायला लागली.