रांगेने आलेला माणूस

काकांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "आम्ही रांगेने आलो." गप्पा हवापाण्याच्या असोत, कुणाच्या मुलाच्या नोकरीच्या असोत, नाहीतर नळ दुरुस्त करणारा उशिरा आला म्हणून असोत, काका फिरून फिरून तिथेच येऊन पोचायचे. वकिलातीच्या दारात आपण कसे उभे राहिलो, नवा बूट कसा चावत होता, एक जण मध्येच कसा घुसायला बघत होता आणि आपण त्याला कसं मागे हाकललं! काकूंना त्या रांगेतला माणूस न् माणूस पाठ झाला होता. खरं तर त्या रांगेत काका एकटे नव्हतेच. पोटुशा काकू त्यांच्या शेजारीच उभ्या होत्या आणि बरोबरची पाण्याची बाटली काकांनी एकट्याने संपवली होती. एवढा भाग मात्र काकांच्या गोष्टीत कधी येत नसे.

परदेशात येऊन त्यांनी लाँड्री काढली. रस्त्याला काच, काचेमागे काउंटर, काउंटरमागे हँगरांनी गच्च भरलेले दांडे आणि त्यांच्याही मागे बिनखिडकीची इस्त्रीची खोली. काउंटर काकांचा. डाग काढणं, बटणं लावणं, उसवलेलं शिवणं काकूंचं. आणि मागे, वाफेच्या इस्त्रीसमोर, इस्त्रीवाला. तो तिसऱ्याच देशाचा. त्याची भाषा यांना येत नव्हती, यांची त्याला येत नव्हती, तिघांचं भागायचं ते त्या परक्या देशाच्या भाषेवर. काकूंकडून त्याने एकच शब्द उचलला होता, "ताई". तो शब्द त्याने इतका वापरला की गिऱ्हाइकंही काकूंना ताई म्हणू लागली. दुकान चाललं होतं ते त्याच्या हातावर. काकांच्या गोड बोलण्यासाठी कुणी शर्ट घेऊन येत नव्हतं.

इस्त्रीवाल्याचा कामाचा परवाना संपून गेला होता. नवा करायला मालकाची सही लागत होती आणि कचेरीत मालकाची एक फेरी. "बघू पुढच्या महिन्यात," काका म्हणायचे. यातली मेख काकूंना कळत होती. परवाना हातात असलेला माणूस पगारवाढ मागतो, नाहीतर दुसरं दुकान बघतो. नसलेला मुकाट इस्त्री करतो. काकूंनी दोन-तीनदा टोकलं, काका खेकसले, आणि मग काकूंनीही विषय सोडून दिला.

तेवढ्यात सरकारने कंबर कसली. बेकायदा राहणाऱ्यांना शोधून शोधून बाहेर काढणार, दुकानं तपासणार, रस्त्यांवर गाड्या फिरणार. आपल्या लोकांची महिन्याची बैठक तेव्हा दातांच्या डॉक्टरांकडे होती आणि तिथे तर आनंदीआनंद होता.

"फार आधी व्हायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. "घर म्हटलं की दाराला कडी नको?"

"तर काय! यांच्यापायी आपल्याकडेही लोक संशयाने बघतात," घरं विकणाऱ्या बाई म्हणाल्या. बाईंनी असल्याच लोकांना एकेका खोलीत सहा-सहा जण कोंबून भाड्याने ठेवलं होतं, हे बैठकीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

कंप्युटरवाला तरुण जरा चाचरला. "कडक हवंच. फक्त माझ्या व्हिसाची मुदत वाढून मिळाल्यावर सुरू केलं असतं तर बरं झालं असतं."

हे सगळं चालू असताना चहा देत होती डॉक्टरांची मेहुणी. ती पाहुणी म्हणून आली होती आणि परत जायचं विसरली होती, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण तिची गोष्ट वेगळी. ती घरातली होती.

काकांनी मग खिशातून आपलं रहिवासाचं कार्ड काढलं आणि सगळ्यांच्या हातातून फिरवलं. काकांच्या घरात महत्त्वाचा कागद आला की त्याला प्लॅस्टिक चढलंच म्हणून समजा. शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, काकूंचं शिवणाच्या परीक्षेचं प्रमाणपत्र, सगळं लॅमिनेट. कार्डालाही त्यांनी चांगलं जाड प्लॅस्टिक मारून आणलं होतं. या कार्डावर काहीही चिकटवू नये, अशी सूचना मागच्या बाजूला छापलेली होती. ती सूचनाही आता प्लॅस्टिकखाली सुरक्षित होती.

"येऊ देत त्यांना माझ्या दुकानात," काका म्हणाले. "मी स्वतः दार उघडीन."

ते आले. काकू काचेजवळ एका कोटाचं अस्तर शिवत होत्या, त्यांना कोपऱ्यावर गाडी थांबलेली दिसली. त्या उठल्या, सरळ मागे गेल्या आणि इस्त्रीवाल्याला हाताला धरून हॉटेलच्या धुतलेल्या पडद्यांमागे उभं केलं. पडदे जमिनीपर्यंत लोंबत होते. "हलू नकोस," त्या म्हणाल्या आणि त्याची इस्त्री आपल्या हातात घेतली. काकांनी हे सगळं पाहिलं.

एक बाई आणि एक पुरुष, दोघे अधिकारी होते आणि बोलायला सभ्य होते. मागच्या खोलीत त्यांनी डोकावून पाहिलं. "इस्त्री मीच करते," काकू म्हणाल्या. त्यांनी मान डोलावली आणि ते बाहेर आले. झालं होतं, संपलं होतं. काकांनी तोंड मिटून ठेवलं असतं तर पाच मिनिटांत दोघे पुढच्या दुकानात गेले असते. पण काकांना आपलं कार्ड दाखवायचं होतं.

अधिकारी बाईच्या हातातल्या यंत्राने कार्ड वाचलं नाही. बाईने ते उलटसुलट केलं, कडेला नख लावून पाहिलं. "हे काय केलंय याला?"

"सांभाळून ठेवलंय," काका छाती काढून म्हणाले.

"खालची खूण दिसत नाहीये. यात फेरफार नाही हे कळणार कसं? कचेरीला फोन करून तुमचा नंबर पडताळून घेतो. तोवर इथे बसा."

बसा म्हणजे गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या खुर्चीत. फोनवर पलीकडून वाट बघायला सांगत होते. रस्त्यावरून जाणारी माणसं काचेतून आत बघत होती. समोरच्या दुकानातला पाववाला तर मुद्दाम बाहेर येऊन उभा राहिला. काकांच्या कपाळावर घाम आला, मग ओठांवर आला.

"अहो, गप बसून राहा," काकू मागच्या खोलीच्या दारातून मराठीत म्हणाल्या. "आत्ता लागेल फोन. तुमचं सगळं नीट आहे."

पण ज्या माणसाने उभा जन्म रांगेच्या बढाया मारल्या, त्याला खुर्चीत घटकाभर बसवेना. काका ताडकन उठले. "मी कायद्याच्या बाजूचा माणूस आहे," ते अधिकाऱ्यांना म्हणाले. आवाज चिरकला होता. "मला कसलं बसवता? तुम्हाला हवेत ते लोक मागे आहेत. तिकडे बघा, पडद्यांमागे." आणि त्यांनी बोट दाखवलं.

इस्त्रीवाला आपणहून बाहेर आला.  तो अधिकाऱ्यांशी बोललाच नाही, काकांकडे वळला. "मालक, सांगा ना यांना. तुम्ही पुढच्या महिन्यात सही करणार होतात."

"कालच कामाला लागलाय," काका काउंटरकडे बघत म्हणाले. "कागद आणून दाखवतो म्हणाला होता."

त्याने मग काकूंकडे पाहिलं. "ताई," एवढंच म्हणाला. काकूंच्या हातात अजून त्याचीच इस्त्री होती. त्याला नेलं. गाडीचं दार लागलं, त्यानंतर फोनवर कळलं की काकांचा नंबर बरोबर आहे, कार्ड तेवढं नवीन करून घ्या.

संध्याकाळी काकू त्याच्या बायकोला सांगायला गेल्या. ती दार उघडून हसली. तिला वाटलं, शिवायला दिलेला झगा घेऊन ताई आपणच आल्या. काकूंनी जे सांगायचं ते सांगितलं. कुणी दाखवून दिलं, ते मात्र सांगितलं नाही.

 पुढचा आठवडाभर काका मागच्या खोलीत स्वतः इस्त्री करत आणि हात पोळून घेत. ताटावर बसले की मान खाली घालून जेवत, भाजी हवी असली तरी मागत नसत. काकूंना त्यांची किळस येत होती. या माणसाबरोबर मी इतकी वर्षं कशी काढली, असं त्यांना वाटे. पण ती खाली गेलेली मानही त्या बघत होत्या. याला निदान लाज आहे, असं त्या मनाशी म्हणत आणि वाटी पुढे सरकवत.

पुढच्या बैठकीत काकांनी खुर्चीची कहाणी सांगितली. लोक हळहळले. "तुम्हाला बसवलं? तुमच्यासारख्या माणसाला?" पडद्यांचं काका बोललेच नाहीत. मग काकूंना राहवलं नाही. चारचौघांत उघडं पडलं की हा माणूस जमिनीत जाईल आणि तसा तो जावा, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"इस्त्रीवाला पडद्यामागे होता," काकू मोठ्याने म्हणाल्या. "मी लपवला होता. यांनी बोट करून दाखवला. आणि कालच आलाय म्हणून सांगितलं."

 काका हातातल्या कपात बघत बसले.

"मग बरोबरच केलंत की!" दातांचे डॉक्टर म्हणाले.

"हिंमत लागते हो याला," घरं विकणाऱ्या बाई म्हणाल्या. "काकू, तुम्ही भलतीच जोखीम घेतलीत. काका होते म्हणून वाचलात."

कंप्युटरवाल्याने टाळी वाजवली. मग आणखी कुणीतरी वाजवली.

काकांनी मान वर केली. आधी त्यांना खरं वाटेना, मग हळूहळू पटत गेलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि घसा साफ केला.

"मला पहिल्यापासूनच त्याचा संशय होता," ते म्हणाले. "फक्त वेळ यावी लागते."

लोक सरसावून ऐकू लागले. घरी गेल्यावर काकांनी भाजी मागितली, मीठ कमी आहे म्हणाले. काकूंनी मीठ दिलं. आपला नवरा आठवडाभर लाजत होता, आणि ती लाज आज आपणच त्या लोकांच्या हातात नेऊन दिली, हे त्यांना ते मीठ वाढताना कळलं.