एक कोरा डोळा

हमरापूरच्या कारखान्यात आमचे सर दिवसभर गणपतींचे डोळे आखायचे आणि संध्याकाळी तिथेच आम्हा पोरींना इंग्रजी शिकवायचे.

"मोठे शब्द कुणालाही येतात. टुवर्ड्स, स्लोली, बिकॉज, ही बारकी मंडळी वाक्य धरून ठेवतात."

उठताना फळ्यावर 'ही वॉक्ड स्लोली टुवर्ड्स द क्रीक बिकॉज' एवढंच ठेवायचे, आणि एका मूर्तीचा एक डोळा कोरा.

"अर्धं सोडलं की माणूस परत येतो."

काल मी गेले, तर एकूण एक मूर्ती दोन्ही डोळ्यांनी बघत होती. फळ्यावर पुढे लिहिलं होतं, 'हिज वर्क वॉज ओव्हर.' ते शांतपणे ब्रश धूत होते.

मी घाईघाईने 'बिकॉज'पुढचं सगळं पुसून टाकलं.

ते हसले. "आणि डोळा कसा पुसशील गो?"